घरातले शस्त्र आणि रांगेची शिस्त

धारदार शस्त्र घरात बाळगणे हा नेहमीच जोखमीचा मामला असतो. ते बोथट ठेवावे, तर चोर आल्यावर त्याचा उपयोग नाही. पाजळून उशाशी ठेवावे, तर घरातल्याच कोणाचे तरी बोट कापले जावयाचे. कुलुपात ठेवावे, तर किल्ली सापडेपर्यंत चोर आपले काम उरकून पसार! संसारी माणूस ह्यातून काहीतरी मधला मार्ग काढतो आणि ती वेळ आपल्यावर येऊ नये अशी आशा करीत राहतो.

हाच पेच जीवाणूंच्या जगात आहे, आणि तेथे तो आपल्यापेक्षा कितीतरी बिकट आहे. जीवाणूचे घर म्हणजे एकच खोली, तिची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढी. त्याच खोलीत त्याचा सारा जीवनलेख, म्हणजे डीएनए, उघड्यावर पडलेला. त्याच खोलीत शत्रूचा डीएनए येऊन घुसतो. आणि त्याच खोलीत ते एन्झाइम वावरत असते, ज्याचे काम डीएनए कापणे हे आहे. सुरीला आपला कोण आणि परका कोण हे कसे कळावे? आणि कळेपर्यंत उशीर झाला तर?

ह्या प्रश्नाचे एका जीवाणूने काढलेले उत्तर आज आम्हांला श्रोत्यांपुढे मांडावयाचे आहे. त्याच्या घरातले कापणारे एन्झाइम एकेकटे असता जवळजवळ झोपलेले असते. शत्रूची खूण सापडली की ते एकामागे एक असे रांगेत उभे राहते, त्या रांगेचा मळसूत्री तंतू होतो, आणि त्या तंतूत त्याची धार शेकडोपटींनी वाढते. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले, व आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. तेव्हा हा विषय आम्हांला का आवडला असेल, हे सुज्ञांना सांगावयास नको. परंतु त्यातून घाईने धडा काढण्याआधी वस्तुस्थिती नीट समजून घ्यावी, एवढीच विनंती आहे.

चोर कोण?

प्रथम चोराची ओळख करून घेऊ. जीवाणूंनाही रोग होतात. जीवाणूंना खाणारे विषाणू असतात, हे १९१५ साली इंग्लंडात फ्रेडरिक ट्वॉर्ट ह्यांना दिसले, आणि १९१७ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द’हेरेल ह्यांनी त्यांना ‘बॅक्टेरिओफाज’ म्हणजे जीवाणुभक्षी हे नाव दिले. हेच द’हेरेल पुढे १९२० नंतरच्या दशकात पटकीवरील प्रयोगांसाठी हिंदुस्थानातही येऊन गेले.

फाज म्हणजे प्रथिनाच्या डबीत भरलेला डीएनए, बस्स. तो स्वतः खात नाही, श्वास घेत नाही, वाढत नाही. जीवाणूच्या भिंतीला चिकटावयाचे, आतला डीएनए खोलीत सोडावयाचा, आणि मग त्या घरची यंत्रसामग्री, घरचा कच्चा माल व घरचेच मजूर वापरून आपल्याच प्रती काढून घ्यावयाच्या, हा त्याचा धंदा. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय ह्या जीवाणूत काही फाज अर्ध्या तासाच्या आत शंभरावर प्रती तयार करतात व घर फोडून बाहेर पडतात. म्हणजे बंदोबस्त करावयाचा तर मिनिटांच्या हिशेबात केला पाहिजे. उद्या सभा घेऊन ठराव करू, असे म्हणावयास सवड नाही.

डीएनए ही एक लांबच लांब पट्टी आहे व तिच्यावर चारच अक्षरांची लिपी आहे. ती अक्षरे ए, टी, जी आणि सी. पट्टी दुहेरी असते. एका बाजूस ए असेल तेथे समोर टी, आणि जी असेल तेथे समोर सी. फाजाचा डीएनए आणि जीवाणूचा डीएनए ह्यांची लिपी एकच, शाई एकच, कागदही एकच. वेगळा आहे तो मजकूर. तेव्हा चोर ओळखावयाचा तर मजकूर वाचूनच ओळखावा लागतो.

कात्री आणि शिक्का

काही जीवाणूंवर काही फाजांचे चालत नाही, आणि ते का चालत नाही ह्याचा उलगडा टप्प्याटप्प्याने झाला. १९५२-५३ च्या सुमारास साल्वादोर लुरिया, जुझेप्पे बेर्तानी प्रभृतींना असे आढळले, की एका जातीच्या जीवाणूत वाढलेला फाज दुसऱ्या जातीत गेला की निष्प्रभ ठरतो. पण त्यातून वाचलेल्या थोड्यांची प्रजा तेथे सुखाने वाढते. १९६० नंतर जिनिव्हा येथे वेर्नर आर्बर ह्यांनी ह्याचे कारण दाखविले. जीवाणूजवळ दोन एन्झाइमे असतात. एक कात्री, ती डीएनएवर ठरावीक शब्द दिसला की तेथे काप घेते. दुसरा शिक्केवाला, तो घरच्या डीएनएवर त्याच शब्दापाशी मेथिल नावाचा एक छोटा रासायनिक गट चिकटवून ठेवतो. शिक्का असेल तेथे कात्री चालत नाही. बाहेरून आलेल्या डीएनएवर शिक्का नसतो, म्हणून तो कापला जातो.

१९७० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हॅमिल्टन स्मिथ ह्यांनी अशी एक कात्री शुद्ध स्वरूपात वेगळी केली व ती नेमक्या कोणत्या शब्दावर कापते हे सांगितले. त्यांचे सहकारी डॅनियल नेथन्स ह्यांनी १९७१ साली तिने एका विषाणूच्या डीएनएचे तुकडे करून दाखविले. १९७८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आर्बर, नेथन्स व स्मिथ ह्या तिघांना मिळाले. पुढे माणसांनी ह्याच कात्र्यांनी डीएनए कापून-जोडून जीवाणूंकडून मानवी इन्शुलिन करवून घेतले. १९८२ सालापासून ते मधुमेह्यांना मिळू लागले. जीवाणूने स्वसंरक्षणासाठी घडविलेले हत्यार आपल्या घरातल्या मधुमेह्याच्या सुईपर्यंत येऊन पोचले, ते असे.

कात्री आणि शिक्का एवढ्याने प्रश्न सुटला, असे वाटेल. परंतु शिक्केवाल्याचे काम एकाही जागी राहून गेले तर? कात्रीने एखादे अक्षर चुकीचे वाचले तर? जीवाणूला आपला डीएनए दोन्ही बाजूंनी कापला गेला म्हणजे मरणच ओढवू शकते. म्हणून कात्री फार काटेकोर हवी. पण कात्री जितकी काटेकोर, तितके तिला कापण्याजोगे शब्द कमी, आणि तितके फाजाला निसटणे सोपे. घरातले शस्त्र धारदार की बोथट, हा आमचा पहिला प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो.

मातीतला एक उपकारकर्ता

आता ज्या जीवाणूने ह्यावर तोड काढली त्याच्याकडे वळू. त्याचे नाव स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसिअस. हा मातीत राहतो. पहिल्या पावसानंतर मातीचा जो वास येतो, त्यातला मोठा वाटा स्ट्रेप्टोमायसिस कुळातील जीवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन ह्या द्रव्याचा असतो; म्हणजे नावाने नसली तरी नाकाने ह्या कुळाशी आपली जुनी ओळख आहे.

दुसरी ओळख अधिक मोलाची आहे. क्षयावरचे पहिले परिणामकारक प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन ह्याच जीवाणूपासून मिळाले. १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स येथे आल्बर्ट शाट्झ ह्या तरुण संशोधक विद्यार्थ्याने तळघरातल्या प्रयोगशाळेत काम करून ते वेगळे केले. क्षयाने घरेच्या घरे ओस पडत होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. औषधाची किंमत आमच्या गिरणगावातल्या चाळींना कोणी समजावून सांगावयास नको. १९५२ चे नोबेल पारितोषिक मात्र शाट्झ ह्यांचे मार्गदर्शक सेल्मन वॅक्समन ह्या एकट्यांना मिळाले. शाट्झ ह्यांनी त्याआधीच, १९५० मध्ये, न्यायालयात दाद मागितली होती व त्याच वर्षी झालेल्या तडजोडीत ते सहसंशोधक असल्याचे मान्य झाले होते. ज्याने हाताने काम केले त्याचे नाव कागदावर यावे, एवढेच आमचे म्हणणे आहे. असो.

ह्या जीवाणूच्या कात्रीची माहिती १९९० साली प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘एसजीआरए-वन’. हे नाव विचित्र वाटले तरी ते ठेवण्याची रीत सरळ आहे. जीवाणूच्या कुळाचे पहिले अक्षर, जातीची पहिली दोन अक्षरे, मग प्रकाराचे अक्षर आणि शेवटी अनुक्रमांक. स्ट्रेप्टोमायसिसचा ‘एस’ आणि ग्रिसिअसचे ‘जीआर’. आम्ही सोयीसाठी तिला पुढे नुसती ‘ग्रिसिअसची कात्री’ म्हणू.

शब्दाचा हिशेब

बहुतेक कात्र्या चार किंवा सहा अक्षरांचा शब्द ओळखतात. ग्रिसिअसची कात्री आठ अक्षरांचा शब्द ओळखते. उदाहरणार्थ सी-ए-सी-सी-जी-जी-टी-जी. हा शब्द मोठा गमतीचा आहे. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटे वाचले तरी तेच राहते, हे लहानपणी आपण सर्वांनी करून पाहिले आहे. येथे थोडा वेगळा प्रकार आहे: पट्टीच्या एका बाजूवर हा शब्द सरळ वाचावा, आणि समोरच्या बाजूवर उलट दिशेने वाचावा, तर तोच शब्द मिळतो. कात्रीही दोन सारख्या पात्यांची जोडी असते. एक पाते एक बाजू वाचते व कापते, दुसरे दुसरी.

दुसऱ्या व सातव्या अक्षरात तिला थोडी मोकळीक चालते. ती धरून तिचे पक्के शब्द तीन होतात. त्यांच्या जागांना आपण ‘मुख्य जागा’ म्हणू. चार अक्षरांतून आठ अक्षरी शब्द ६५,५३६ प्रकारचे होतात. अक्षरे सरमिसळ पडली आहेत असे धरले, तर मुख्य जागा सरासरीने १६,३८४ अक्षरांत एकदा येईल. लॅम्डा नावाच्या प्रसिद्ध फाजाचा डीएनए ४८,५०२ अक्षरजोड्यांचा आहे. तेवढ्या लांबीच्या डीएनएत अशा जागा तीनच पडतील. तीन म्हणजे फारच थोड्या. एखाद्या फाजात त्याहूनही कमी. आणि एकदोन ठिकाणी काप पडला तर तो पुन्हा सांधणारी एन्झाइमेही जीवाणूत असतात. दुरुस्ती झाली की चोर पुन्हा कामाला मोकळा.

ह्याशिवाय चौदा शब्द असे आहेत, की जे मुख्य शब्दाहून एखाद्याच अक्षराने वेगळे आहेत. त्यांना ‘दुय्यम जागा’ म्हणू. त्याच हिशेबाने अशी जागा सुमारे २,३०० अक्षरांत एकदा येते, म्हणजे मुख्य जागांच्या सातपट. ह्याही जागा कापल्या तर फाजाचे तुकडे तुकडे होतील. परंतु अशा हजारो जागा घरच्या डीएनएवरही आहेत, कारण ग्रिसिअसचा डीएनए सुमारे ८५ लाख अक्षरजोड्यांचा आहे; आणि तेथे शिक्क्याचे संरक्षण आहे असे धरून चालता येत नाही. दुय्यम जागा कापाव्या तर घर धोक्यात, न कापाव्या तर चोर सुटतो. प्रश्न इतका नेमका झाला.

रांग कशी सापडली?

प्रयोगनळीत ही कात्री दुय्यम जागा एकट्या असतील तर जवळजवळ कापतच नाही. परंतु २००२ साली जुराते बितिनाइते व आयरा शिल्डक्राउट ह्या अमेरिकेतील संशोधकांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदविली. मुख्य जागा असलेला डीएनए बरोबर असला, की कात्री दुय्यम जागाही कापू लागते. इतकेच नव्हे, तर मुख्य जागा कापल्यावर जे तुकडे होतात त्यांची टोकेही तिला उत्तेजन देतात. एका ठिकाणी झालेले काम दुसऱ्या ठिकाणच्या पात्याला कसे कळते? मध्ये निरोप्या कोण?

अ‍ॅरिझोना विद्यापीठातील नॅन्सी हॉर्टन व त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या निरोप्याचा माग काढला. २०१० साली त्यांनी दाखविले, की डीएनएला धरलेल्या कात्र्या एकमेकींना चिकटून मोठमोठे समूह बनवितात, आणि कापण्याचा वेग वाढतो तो ह्या समूहांतच. वेग किती वाढतो? दोनशेपटींहून अधिक, आणि परिस्थितीनुसार हजारपटींपर्यंत. ज्या कामाला तीन तास वीस मिनिटे लागली असती ते एका मिनिटात होते, हा दोनशेपटींचा अर्थ. हजारपटींचा हिशेब धरला, तर सोळा तास चाळीस मिनिटांचे काम एका मिनिटात.

समूहाचा आकार पाहावयाचा तर साधा सूक्ष्मदर्शक कामाचा नाही. त्यासाठी द्रावण क्षणार्धात इतक्या वेगाने गोठवितात, की पाण्याचे स्फटिकही होऊ शकत नाहीत, आणि मग इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हजारो प्रतिमा घेऊन त्या एकत्र जुळवितात. ह्या तंत्राला २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याच साहाय्याने दिमित्री ल्यूमकिस, हॉर्टन व त्यांचे सहकारी ह्यांनी २०१३ साली ह्या समूहाचे रूप प्रसिद्ध केले, आणि २०१९ साली त्याहून पुष्कळ स्पष्ट चित्र हाती आले. तो समूह म्हणजे अस्ताव्यस्त गर्दी नव्हती. तो एक सुरेख मळसूत्री तंतू होता. कारखान्यातल्या साध्या स्क्रूचे आटे उजवे असतात. ह्याचे आटे डावे. एका वेढ्यात सुमारे चार जोड्या, प्रत्येक जोडीच्या हातात डीएनएचा एकेक भाग. आणि ह्या तंतूला ठरलेली लांबी नाही. दोन्ही टोके मोकळी. जो येईल तो टोकाला लागेल, आणि रांग वाढत जाईल.

रांगेत धार का येते?

येथे विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडे सावकाश जाऊ.

प्रथिनाचा रेणू दगडासारखा ताठ नसतो. तो किंचित हलतो, वळतो, आणि त्याची एकाहून अधिक रूपे असू शकतात. ग्रिसिअसच्या कात्रीची दोन रूपे मानावी. एक सुस्त, एक तयार. एकटी असता ती बहुतेक वेळ सुस्त रूपात असते, कारण तेच तिला सोईचे पडते. तयार रूपात येण्यासाठी तिच्या दोन पात्यांना एकमेकांच्या मानाने थोडे फिरावे लागते. पण हे फिरलेले रूपच असे आहे, की शेजारच्या कात्रीशी त्याची खोबणीला खोबण बसते. सुस्त रूपातली कात्री रांगेत बसत नाही. तयार रूपातली बसते, आणि एकदा बसली की शेजाऱ्यांच्या आधाराने तयारच राहते. रांग तिला नवे पाते देत नाही. तिच्यात जे रूप क्षणभर येऊन जात होते, त्याला रांग टिकवून धरते.

तयार होण्याचा अर्थ काय? डीएनएची पट्टी कापताना पाण्याचा एक रेणू नेमक्या सांध्यावर घालावा लागतो, आणि त्या कामाला मॅग्नेशियमचे दोन भारित अणू हाताशी असावे लागतात. एकटेपणी त्यांपैकी एकाची बैठक नीट जमत नाही. तंतूतील रूपात ती जमते. एवढ्या बारीकशा फरकावर वेगाची सारी वाढ अवलंबून आहे.

आता रांगेत प्रवेश कोणाला? रिकाम्या हाताच्या कात्रीला नाही. डीएनए धरलेला असला पाहिजे, आणि तो दोन्ही बाजूंना थोडा लांब असला तर अधिक चांगले, कारण बाहेर आलेली डीएनएची शेपटी शेजारच्या कात्रीला टेकते व जोड घट्ट करते. मुख्य जागा धरलेल्या कात्र्या आपण होऊन रांग धरतात. दुय्यम जागा धरलेल्या कात्र्या पुढाकार घेत नाहीत. पण मुख्य जागेवरच्यांची रांग उभी राहिली, की त्या तिच्यात सामील होतात, आणि मग त्याही कापतात.

ह्यामुळे पेच कसा सुटला ते पाहा. घरच्या डीएनएवरील मुख्य जागांवर शिक्के आहेत; म्हणून तेथे रांगेला सुरुवातच होत नाही. आणि सुरुवात झाली नाही म्हणजे घरच्या दुय्यम जागा धरून बसलेल्या कात्र्या सुस्तच राहतात. फाज आत आला, की त्याच्या बिनशिक्क्याच्या मुख्य जागेवर कात्री बसते. तिच्याजवळ कोण असणार? त्याच पट्टीवरच्या दुसऱ्या जागा धरलेल्या कात्र्या. एकाच दोरीला बांधलेल्या दोन वस्तू जशा एकमेकींपासून फार दूर जाऊ शकत नाहीत, तशा ह्या एकाच डीएनएवरच्या कात्र्या पटकन एकमेकींना सापडतात. रांग फाजाच्याच अंगावर उभी राहते, त्याच्याच दुय्यम जागांवर धार चालविते, आणि त्या रांगेत अडकलेल्या कात्र्या घरच्या डीएनएकडे भटकावयास मोकळ्या राहत नाहीत. काम झाले, तुकडे सुटले, की रांगही विरते आणि कात्र्या पुन्हा सुस्त होतात.

आता कोणी विचारील, की एवढ्यासाठी अमर्याद रांग कशाला? दोन जोड्या एकत्र येऊन जाग्या झाल्या असत्या तर भागले नसते काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि हॉर्टन ह्यांच्या गटाने तो स्वतःलाच विचारला. रांगेच्या घडण्या-मोडण्याचे वेग प्रयोगाने मोजून, ते गणितात घालून, त्यांनी दोन्ही पद्धतींची तुलना २०१९ साली प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा, की वेग आणि बंदोबस्त ह्या दोन्ही गोष्टी एकदम साधावयाच्या तर रांगच सरस ठरते. दोघांची जोडी पुरी झाली की तिसऱ्याला जागा नसते. रांगेला मात्र दोन टोके सदैव उघडी असतात, म्हणून नव्या कात्रीला जोडीदार शोधावा लागत नाही. आणि रांग लांब, म्हणून आत अडकलेल्यांची संख्याही मोठी.

हा एकटाच नव्हे

निसर्गात हा प्रकार अपवादाचा असेल, असे पूर्वी कोणासही वाटले असते. तसे नाही. चरबी तयार करण्याच्या कामातील अ‍ॅसिटिल-कोए कार्बोक्सिलेज हे एन्झाइम सायट्रेटच्या उपस्थितीत तंतू करते व सक्रिय होते, हे १९६० नंतरच्या दशकातच दिसून आले होते. डीएनए व आरएनए ह्यांच्या कच्च्या मालापैकी एक द्रव्य बनविणारे सीटीपी सिंथेज नावाचे एन्झाइम पेशीत लांब तंतू करून राहते, हे २०१० साली तीन वेगवेगळ्या संशोधकगटांनी जीवाणूंपासून माश्यांपर्यंत अनेक जीवांत दाखविले. तेथे रांगेचा अर्थ प्रत्येक ठिकाणी एकच नाही. मानवी सीटीपी सिंथेज रांगेत कामाला लागते, ई. कोलायमधील तेच एन्झाइम रांगेत उलट विश्रांती घेते. रांग म्हणजे जागृती, असा नियम नाही. रांग कोणत्या रूपाला टिकवून धरते, त्यावर सारे अवलंबून आहे.

ही शेवटची गोष्ट आम्हांला मुद्दाम सांगावयाची होती. कारण कामगार चळवळीतल्या माणसाने कात्र्यांच्या रांगेवर बोलावे आणि शेवटी ‘एकी हेच बळ’ म्हणून टाळ्या घ्याव्या, असा मोह येथे अगदी तोंडाशी येतो. तो आम्ही आवरतो. निसर्गाकडून समाजाचे धडे काढण्याची खोड जुनी आहे, आणि तिने गरिबांचे भले क्वचितच केले आहे. एकोणिसाव्या शतकात डार्विनच्या सिद्धान्ताचा विपर्यास करून दुबळ्यांनी मरावे हाच निसर्गाचा कायदा, असे सांगणारे विद्वान निघाले, आणि मालकवर्गाला ते फार आवडले. आज त्याच निसर्गातून आपल्या सोयीचा दाखला उचलला, तर उद्या दुसऱ्याने त्याच्या सोयीचा उचलला म्हणून तक्रार करावयास आपल्याला तोंड उरणार नाही. कात्री संप करीत नाही. तिला हक्क नाहीत व कर्तव्येही नाहीत. माणसे एकत्र येतात ती एकमेकांशी बोलून, विचार करून, प्रसंगी मतभेद होऊनही.

मग ह्या अभ्यासाचे आपल्याला काय? एक तर, ज्ञान हे ज्ञान म्हणूनच मोलाचे आहे. मातीतल्या एका जीवाणूच्या एका एन्झाइमाने एक अक्षर चुकीचे का कापावे, ह्या बारीकशा शंकेच्या मागे माणसे वर्षानुवर्षे लागली, म्हणून रांग सापडली. फाजाने जीवाणू मारून रोग बरा करण्याचा द’हेरेल ह्यांचा जुना विचार आज, प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू वाढल्यामुळे, पुन्हा पुढे आला आहे. आणि जीवाणू फाजाला कसा अडवितो हे कळल्याखेरीज त्या वाटेने फार दूर जाता येणार नाही. तेव्हा ज्यांना हे संशोधन निरुपयोगी वाटते त्यांनी इन्शुलिनची गोष्ट आठवावी.

दुसरे असे, की ह्या कात्रीने एका प्रश्नाकडे पाहण्याची रीत दाखविली आहे. शस्त्र धारदार असावे की बोथट, असाच प्रश्न आपण नेहमी विचारतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. धार केव्हा यावी, कोणाच्या पुराव्यावर यावी, कोठे चालावी आणि काम झाल्यावर ती कशी जावी, हे चार प्रश्न वेगळे विचारले म्हणजे वाट दिसू लागते. ग्रिसिअसच्या कात्रीपाशी ह्या चारही प्रश्नांची उत्तरे आहेत: बिनशिक्क्याची खूण सापडल्यावर, डीएनए हातात असेल तरच, त्या डीएनएच्याच अंगावर, आणि तुकडे सुटताच रांग मोडून. श्रोत्यांनी व्याख्यान विसरले तरी चालेल, पण घरी जाताना हे चार प्रश्न तेवढे बरोबर न्यावे.